सुतारांच्या दोरीवरची थंडी

थंडी सरत आली होती, पण सुताराचा लाकूड चिकटवायचा सरस अजूनही सकाळी थिजत होता. म्हणून त्याने सरसाचं गरम भांडं पलंगावरच्या लाल गोधडीत गुंडाळून ठेवलं आणि तो खिडकीची चौकट तासायला बसला. थोड्या वेळाने ऊब शोधत मांजर तिथे पोचलं आणि भांडं कलंडलं. पुढचं सांगायला नको.

"अहो, ही आईंची गोधडी!" सुतारीण दबक्या आवाजात ओरडली.

"मांजर येईल हे मला काय माहीत?"

"मांजराचं सोडा. अख्ख्या घरात तुम्हाला हीच सापडली?"

"जाड होती ना."

सासूबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. आपल्या सासूने शिवलेल्या त्या गोधडीची घडीसुद्धा त्या दुसऱ्या कुणाला घालू देत नसत. सरस गरम पाण्याने निघतो, पण एकटी लाल गोधडी दोरीवर दिसली असती तर चौकशी झालीच असती. सुनेने डोकं लढवलं आणि घरातली झाडून सगळी पांघरुणं धुवायला काढली.

"आज काय एकदम सगळं?" सासूबाईंनी विचारलं.

"थंडी गेलीच की आता, आई."

सासूबाईंनी दोरीकडे एकदा पाहिलं आणि पाठ उन्हाकडे वळवली. पण गल्लीचंही लक्ष त्या दोरीवर होतं. सुतारांच्या दोरीवर गोधड्या पडल्या की थंडी संपली, असा तिथला रिवाज होता. रेडिओवरच्या अंदाजापेक्षा लोकांचा त्या दोरीवर भरवसा जास्त. शिंपिणीने आधी पाहिलं, मग पोस्टमनच्या बायकोने, आणि ऊन चढेपर्यंत गल्लीतल्या एकूण एक कुंपणावरून पाणी ठिबकू लागलं.

"वहिनी, यंदा जरा लवकरच?" पोस्टमनच्या बायकोने कुंपणावरून हाक दिली.

सुतारिणीने ओल्या गोधडीचं टोक उगाच सारखं केलं. खरं सांगावं, तर सासूबाई चार हातांवर बसलेल्या. "वारं फिरलंय," ती म्हणाली.

वारं खरंच फिरलं होतं. दुपारी त्याने ढग आणले आणि संध्याकाळी अशी थंडी पाडली की दोरीवरच्या ओल्या गोधड्या फळीसारख्या ताठ झाल्या.

दिवेलागणीला पोस्टमनची बायको धावत आली. तिची बाळंतीण लेक घरी होती. "वहिनी, एखादं कोरडं पांघरूण द्या हो. बाळाचे पाय गार पडलेत."

कोरडं पांघरूण सुतारांकडेच काय, कुणाकडेच नव्हतं.

"भुशाचं रिकामं पोतं देऊ का?" सुताराने विचारलं. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पोतं स्वतःच्याच खांद्यावर घेतलं.

तोवर दारात माणसं जमली होती. "तुमच्याकडे बघून धुतल्या आम्ही!" शिंपीण म्हणाली. "आता रात्रभर काय कात्री पांघरू?"

बाळाचे गार पाय डोळ्यांपुढे आल्यावर सुतारिणीला राहवेना. सासूबाई मागे उभ्या आहेत हे माहीत असूनही ती म्हणाली, "थंडी गेली म्हणून नाही हो धुतल्या. यांनी आईंच्या गोधडीवर सरस सांडला."

"मांजराने," सुतार म्हणाला.

मग शिंप्याने विचारलं, "पण गल्लीत आज धुतलं नाही असं कुणीच नाही?"

सगळ्यांच्या तोंडी एकदमच आलं, "बघू!"

बघू म्हणजे कोपऱ्यावरचा पीठगिरणीवाला. एकटा जीव. कुठल्याही कामाला 'बघू' म्हणायचा, म्हणून हे नाव. त्याच्या आळसावर गल्लीने आजवर मनसोक्त तोंडसुख घेतलं होतं. आता तीच गल्ली त्याच्या दारात कुडकुडत उभी राहिली.

"अण्णा, एखादी कोरडी गोधडी आहे का?"

"बघू," म्हणत तो माळ्यावर चढला आणि एकामागून एक गोधड्या खाली टाकू लागला. ढीग कमरेएवढा झाला.

"एकट्याला एवढ्या?"

"मळली की धुवायला लागते," वरून आवाज आला. "त्यापेक्षा नवी घेतो."

गोधड्या झटकल्या तसा पिठाचा असा लोट उठला की माणसाला माणूस दिसेना. पण सगळ्या कोरड्या होत्या, उबदार होत्या. पहिली बाळाकडे गेली.

सकाळी गल्ली पांढरी होऊन उठली. शिंपिणीच्या केसांत पीठ, पोस्टमनच्या मिशांत पीठ. बाळ पांढऱ्या भुवयांनी गाढ झोपलं होतं आणि त्याचे पाय चांगले गरम होते. पोस्टमनच्या बायकोने गिरणीवाल्याला पहिला चहा नेऊन दिला. "अण्णा, तुमच्या आळसाला कुणाची नजर न लागो," ती म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.

सुतारीण मात्र सासूबाईंपुढे मान खाली घालून उभी होती. सासूबाईंनी दोरीवरची लाल गोधडी नाकाशी धरली.

"सरसाचा वास पुरता जात नाही. मागच्या वेळीही गेला नव्हता."

"मागच्या वेळी?"

"तुझ्या सासऱ्यांनीही एकदा भांडं यातच गुंडाळून सरस सांडला होता." सासूबाईंनी कुंपणाकडे पाहून आवाज खाली आणला. "माझ्या सासूला कळू नये म्हणून मीही घरातल्या सगळ्या धुवून टाकल्या. माझं बघून गल्लीने धुतल्या. नशीब माझं, थंडी खरंच गेली. तेव्हापासून लोक आपल्या दोरीकडे बघतात."

सुनेला हसू आवरेना. सासूबाईंनीही तोंडाला पदर लावला. तेवढ्यात कुंपणापलीकडून पोस्टमनच्या बायकोची हाक आली, "वहिनी, ऊन पडलंय! आता तरी थंडी गेली म्हणायची ना?"

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूबाईंनी गोधडी खांद्यावर टाकली आणि ठणठणीत आवाजात उत्तर दिलं,

"बघू!"