दमाला दिलेला दम

रंगराव साबळे यांचा श्वास दर मंगळवारी त्यांच्या अर्धा तास आधी डायलिसिस केंद्रात पोचायचा आणि रूथ सिस्टरांच्या टेबलापुढं उभा राहून जबाब द्यायचा. मूत्रपिंडं कामातून गेलेल्या सगळ्याच पेशंटांची तिथं हीच पद्धत होती. माणूस पथ्याबद्दल खोटं बोलतो, श्वास बोलत नाही. ज्याचा जबाब वाईट, त्याला आधी मशीन.

रिक्षातून येईपर्यंत रंगरावांचं बायकोच्या श्वासावर भागायचं. सोनाबाईंचा श्वास दोघांना पुरून उरायचा.

त्या सोमवारी मात्र रंगराव भावाकडं जत्रेला गेले, मटणावर ताव मारला आणि वर दोन शहाळी रिचवली. शहाळ्यातलं पोटॅशियम तर त्यांना विषासमान! पण एसटी स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर असलेला माणूस, ऐकतो कुणाचं? मंगळवारी श्वास निघाला तसे त्याच्यावरही खेकसले, "शहाळ्याचं नाव काढलंस तर गाठ माझ्याशी आहे!"

श्वास केंद्रात येऊन टेबलापुढं उभा राहिला.

"काय खाल्लं साहेबांनी?" सिस्टरांनी विचारलं.

"सांगता येत नाही. मला दम दिलाय."

"कुणी?"

"ज्यांचा मी दम, त्यांनीच."

सिस्टरांनी रजिस्टर चाळलं. दमालाच दम दिला तर काय करावं, याचा रकाना कुठं सापडेना. शेवटी 'इतर' खाली त्यांनी लिहिलं, 'दमास दम देण्यात आला आहे, सबब प्रकरण गंभीर.' आणि कोपऱ्यातलं मशीन लावून ठेवलं.

रंगराव पाय ओढत आले. "मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी," असं म्हणता म्हणता दारातच मटकन खाली बसले. छातीतले ठोके चुकत होते. मशीन तयार होतं म्हणून लगेच लावता आलं. रांगेत थांबले असते तर आटोपलं होतं, असं डॉक्टरांनी सोनाबाईंना स्पष्टच सांगितलं.

चार तासांनी रंगराव उठून बसले. सोनाबाईंनी आधी सिस्टरांना हात जोडले, मग श्वासाला. "लई उपकार झाले रे बाबा!" म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

रंगरावांना दिवसाला अर्धा कप चहाची मुभा होती. त्यातला निम्मा त्यांनी बशीत ओतला आणि श्वासापुढं सरकवला.

"चुकलो गड्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तू आहेस म्हणून मी आहे, आणि तुलाच दम दिला मी. सकाळपासून उभा आहेस. टेक इथं. जरा दम खा."

श्वासानं चहा संपवला, बशी पालथी घातली.

"मी टेकलो तर तुमचं कसं व्हायचं?" असं म्हणून तो रंगरावांच्या नाकात शिरला.