मिस नेटलचा आठवा जन्म

मिस नेटल कोण, कुठली, हे जगात फक्त मला ठाऊक आहे! एकतीस वर्षं न्यूयॉर्कच्या एका कॉमिक्स कंपनीत मी एकच काम करतोय: आधी कुणी काय लिहिलं होतं ते लक्षात ठेवणं. लेखक येतात, घोळ घालतात, जातात. हा ऑस्कर विटकोव त्यांच्या चुका निस्तरत बसतो. थकलोय, पण विसरत नाही.

नेटल म्हणजे आमची अर्धी चोर, अर्धी देवदूत. दरोडेखोरांना लुटते, लूट गरिबांना वाटीन म्हणते, आणि वाटत नाही. पहिल्या लेखकाने तिला सर्कशीतल्या सुरीफेक्याची मुलगी केलं. दुसरा म्हणाला, छे, ती रशियन हेरांनी पळवलेली अनाथ पोर. तिसऱ्याने तिची स्मृतीच घालवली, म्हणजे त्याला जुने अंक वाचायला नकोत! चौथ्याने तिला भविष्यातून आणलं. असे सात जन्म झाले. कपड्यांचं तर विचारूच नका. आधी टिकल्याटिकल्यांचा पोहण्याचा पोशाख, मग लांब कोट, मग नव्वदच्या दशकात अंगभर सतरा चामडी पाकिटं. आणि एकातही रुमाल नाही!

तिला पन्नास वर्षं झाली तेव्हा ब्राइस, म्हणजे माझा अठ्ठावीस वर्षांचा साहेब, म्हणाला, "ऑस्कर, विशेषांकात तिचा एकच जन्म ठरवून टाका. कायमचा. तुम्हीच लिहा."

त्याच वर्षी आमच्या लग्नालाही तीस वर्षं होत होती. लग्नाचा एकोणतिसावा वाढदिवस मी साफ विसरलो होतो. तेव्हा माझी बायको थेल्मा शांतपणे म्हणाली होती, "पुढच्या वर्षी विसरलास तर मी बफेलोला बहिणीकडे जाईन. परतीचं तिकीट काढणार नाही." थेल्मा शांतपणे बोलली की घाबरायचं असतं. मला अंडंही उकडता येत नाही, पण भीती त्याची नव्हती. ती नसलेलं घर मला नको होतं.

म्हणून तिला खूश करायला नेटलच्या जन्माच्या जागी मी आमची पहिली भेटच लिहिली! क्लीव्हलँडचा बसस्टँड. कडाक्याची थंडी. तिकीटवाला एका म्हाताऱ्यावर खेकसतो, तेवढ्यात हिरव्या लांब कोटातली एक मुलगी खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरते. झाला नेटलचा जन्म! पहिल्या पानावर छापलं, "थेल्मासाठी, तिलाच पाहून."

अंक तुफान खपला. थेल्मा कॉमिक्स वाचत नाही, त्यामुळे घरी मी चकार शब्द काढला नाही. लग्नाच्या वाढदिवशीच कॉमिक्सवाल्यांचं संमेलन होतं, तिथेच तिला चकित करायचं ठरवून घेऊन गेलो. हॉलमध्ये आठशे माणसं, त्यातली साठ नेटलसारख्या हिरव्या कोटात! निम्म्यांना दाढ्या होत्या.

"आता भेटा खऱ्या नेटलला!" ब्राइस ओरडला. थेल्मा पर्स सावरत मंचावर आली. तिने चष्मा लावला आणि अंकातली अख्खी गोष्ट उभ्याउभ्या वाचली. मी टाय सारखा केला.

"छान आहे," ती माईकमध्ये म्हणाली. "ही कोण?"

"अगं, तू!"

"मी जन्मात क्लीव्हलँडला गेले नाहीये, ऑस्कर. आणि हिरवा रंग मला शोभत नाही."

हॉलभर "ओऽऽऽ" झालं. ब्राइस माझ्या कानाशी लागला. "दुसरी कुणी बाई होती का?"

"नाही रे बाबा!"

तेवढ्यात माईकपाशी रांग लागली. आमच्याकडे एक प्रथा आहे, मीच सुरू केलेली: जो वाचक चूक पकडेल आणि ती सावरूनही देईल, त्याला कंपनीचा पत्र्याचा बिल्ला. लोक मला वाचवायला सरसावले!

"साहेब, वहिनींची स्मृती गेली असेल!"

"क्लोन! बसस्टँडवर वहिनींची क्लोन होती!"

"पुढचा," थेल्मा म्हणाली.

पुढचा ओहायोचा ट्रक ड्रायव्हर होता. दाढी, हिरवा कोट, लाल विग. बिचारा अवघडून म्हणाला, "साहेब, रागावू नका. हे सगळं अंक एकेचाळीसमध्ये आहे. बसस्टँड, कोट, कॉलर. अंक निघाला तेव्हा तुम्ही चौदा-पंधरा वर्षांचे असाल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पान सोळा! उजवीकडे, खालचं चित्र! चौदाव्या वर्षी मी ते पान फाटेपर्यंत पाहिलं होतं, आणि पुढे कधीतरी त्या चित्रात बायकोचा चेहरा बसवून टाकला होता.

"यांना बिल्ला द्या," थेल्मा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आपण माझ्या मावसबहिणीच्या लग्नात भेटलो, ऑस्कर. योंकर्सला. मी पिवळ्या पोशाखात होते. तू दोन तास मला कुणा नेटलच्या बापाची गोष्ट सांगत होतास. सुऱ्या फेकायचा म्हणे. मी ऐकत बसले. म्हटलं, कधीतरी हा माझ्याकडे बघेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तोंडातून निघालं काय, तर "पिवळा?"

"पिवळा. लिहून घे."

टॅक्सीत ती एकच वाक्य बोलली. "दुसरी बाई असती तरी चाललं असतं रे. निदान ती खरी तरी असती."

तिची बॅग दहा दिवस दारात भरून उभी आहे. थेल्मा ती उचलतही नाही, रिकामीही करत नाही. मी रोज बॅगेला वळसा घालून ऑफिसला जातो.

काल नेटलचा नवा लेखक भेटायला आला. चोवीस वर्षांचा, उत्साहाने नुसता फसफसतोय. "सर, ती कोटवाली गोष्ट मी रद्द करतोय. म्हणजे तसं काही घडलंच नव्हतं! नेटलला स्वप्न पडलं होतं, असं दाखवतो. एका पानात मिटतं सगळं!"

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाला अडवलं नाही. म्हणालो, "बाळा, एवढंच एकदा आमच्या घरी येऊन सांगशील का?"