स्वमग्न मुलांसाठी चाळीस चटया

तीस वर्षं मी शाळेत मुलांना निबंध आणि अर्ज लिहायला शिकवलं. त्यामुळे सरकारी अर्ज कसा लिहावा हे मला कुणी सांगू नये, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणते आहे, हे लक्षात घ्या.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. तिच्यासारख्या अकरा मुलांसाठी तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, दोन खोल्यांत एक केंद्र चालवते. तिथे आठवड्यातून दोनदा मुलांना बोलायला शिकवणारी तज्ज्ञ बाई यायची. वर्षभर घाम गाळून तिने भाचीच्या तोंडून चार शब्द काढले होते. घरात आम्ही त्या चार शब्दांचं कौतुक करून दमत नव्हतो. पण देणगीदाराने हात आखडला आणि बाईंचं येणं थांबायची वेळ आली. तेवढ्यात कळलं की अशा केंद्रांसाठी सरकारने निधी काढलाय.

बहीण अर्ज लिहीत बसली होती. मी कागद ओढून घेतला आणि 'ऑटिझम' खोडून 'स्वमग्नता' केलं.

"ताई, ऑटिझम म्हटलं की लोकांना कळतं गं."

"सरकारला लिहितोय आपण. भाषा नीट नको?"

आणि मी झोकात लिहिलं, 'आमच्या केंद्रातील अकरा बालके स्वमग्न असून त्यांना वाचेसाठी तज्ज्ञ मार्गदर्शकाची नितांत आवश्यकता आहे.' सोबत अकरा मुलांचे डॉक्टरांचे दाखले जोडले.

तीन आठवड्यांत मंजुरी! मी आठ दिवस मान ताठ करून हिंडले.

सोमवारी केंद्रासमोर टेम्पो थांबला. त्यातून चाळीस चटया उतरल्या, एक पितळी घंटा उतरली आणि शेवटी पांढऱ्या कपड्यांतले एक शांत गृहस्थ उतरले.

"मी मंजूर झालेला मार्गदर्शक," ते म्हणाले.

"वाचेचे का?" बहिणीने विचारलं.

"वाचा आवरण्याचा. मी मौन आणि ध्यान शिकवतो."

मी तशीच पायात चपला सरकवून कचेरी गाठली. तिसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाने फाइल काढली.

"स्वमग्नता म्हणजे ध्यानच ना? म्हणून ध्यान कक्षाकडे पाठवली. साहेब फार खूश झाले. म्हणाले, एवढ्याशा वयात स्वमग्न!"

"अहो, या मुलांना बोलता येत नाही. त्यांना गप्प बसायला काय शिकवताय? आणि हे अकरा दाखले कुणी वाचले?"

त्याने दाखले उलटसुलट करून पाहिले. पहिल्यांदाच पाहत होता, हे उघड होतं.

"मग ऑटिझमच्या योजनेत घाला आमचा अर्ज," मी म्हटलं.

"ती बंद झाली बाई. एकही अर्ज आला नाही. राज्यात गरज नाही, असा अहवाल गेलाय वर."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिथेच उभ्या उभ्या लेखी तक्रार केली आणि साहेबांनी स्वतः येऊन मुलं पाहावीत, असा हट्ट धरला.

साहेब आले. त्यांनी चटईवर मांडी घालून डोळे मिटले. घंटा वाजली तशी दोन मुलं कान झाकून कोपऱ्यात पळाली, एक रडू लागलं. भाची तेवढी पुढे आली. साहेबांची चटई तिला इतर चटयांच्या रांगेत हवी होती. तिने साहेबांची बाही ओढली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ऊठ."

बहिणीचे डोळे भरून आले. हा पाचवा शब्द होता.

साहेबांनी डोळे उघडले. "बोलते की ही! मग बोलायला शिकवणारी तज्ज्ञ हवी कशाला?"

"अहो, तिनेच शिकवलंय हे," बहीण म्हणाली.

पण साहेबांचं लिहिणं सुरू झालं होतं. पुढच्या पंधरवड्यात पत्र आलं. ध्यानामुळे बालकांना वाचा फुटल्याचं आढळून आल्याने ध्यान मार्गदर्शकाला दोन वर्षांची मुदतवाढ देण्यात येत आहे.

तज्ज्ञ बाई सध्या आठवड्यातून एकदाच येते, तेही मोफत. तिच्यापुढे मान वर करायची माझी हिंमत होत नाही. ऑटिझमची योजना पुन्हा सुरू करावी म्हणून नवा अर्ज बहिणीने एकटीने लिहिला. मी निदान पाकीट चिकटवावं म्हणून हात पुढे केला, तर तेही तिने काढून घेतलं.