पाठ भिंतीकडे करून

“आजपासून चष्म्यातल्या जगात कोणीही हवेत बोट खुपसत बसणार नाही,” अर्लन स्कॉगस्टडनं न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं. “लिहिण्याच्या इतिहासात एक छापखाना झाला, आणि आता हे.”

“तुझं कोपर लोण्यात आहे,” त्याची बायको कारी म्हणाली.

अर्लननं कोपर पुसलं. मिनेसोटा राज्यात डुलुथ इथल्या आपल्या घराच्या तळघरात तीन वर्षं खपून त्यानं हा शोध लावला होता. तो जाडजूड चष्मा डोक्याला बांधून माणूस आभासी खोलीत शिरला की त्याला सगळं करता येतं, फक्त धड एक वाक्य लिहिता येत नाही. समोर तरंगणाऱ्या अक्षरांना कोंबडीनं दाणे टिपावेत तसं टोचत बसावं लागतं. अर्लनची युक्ती अशी, की आपला साधा फोन त्या चष्म्याशी जोडायचा, तो हातात धरायचा आणि त्यावर सवयीनं अंगठे चालवायचे. मजकूर आतल्या भिंतीवर उमटतो.

त्या दिवशी सकाळी मार्लिस टोलेफसन बाई मिनियापोलिसमध्ये बसूनच, चष्मा लावून, हे पाहणार होत्या. वाणसामानाच्या दुकानांची मोठी साखळी आणि तिची गोदामं त्यांच्या कंपनीची, आणि तिथल्या नव्या माणसांना शिकवण्याचं खातं बाईंकडे. त्यांनी होकार दिला तर तळघर चालू राहणार होतं. नाही दिला, तर अर्लन सोमवारपासून सासऱ्यांच्या दुकानात गालिचे विकणार होता. तसा शब्दच त्यानं कारीला दिला होता. गालिच्यांविषयी त्याला एवढंच ठाऊक होतं, की ते जमिनीवर असतात.

आता एक गोष्ट वाचकांना आधीच सांगून टाकतो, कारण अर्लनला ती सांगायला कोणी नव्हतं. गेल्या रविवारी त्याचा फोन चार्जिंगला होता, म्हणून त्यानं सरावासाठी आपलं कीबोर्डचं ॲप कारीच्या फोनवर चढवलं आणि तो फोन चष्म्याशी जोडला. सराव छान झाला. जोडणी सोडायची राहिली. चष्मा इमानी निघाला. एकदा कारीच्या फोनशी जमलं म्हटल्यावर त्यानं दुसऱ्या फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ठरल्या वेळी अर्लन तळघरात उभा राहिला, चष्मा बांधला, आपला फोन हातात घेतला आणि आभासी सभागृहात शिरला. समोर मार्लिस बाई आणि त्यांचा मदतनीस ड्वेन बसले होते. दोघांचेही चेहरे तिथल्या रिवाजाप्रमाणे उकडलेल्या अंड्यासारखे.

“बघा हं,” अर्लन म्हणाला, “मी भिंतीकडे पाठ करतो. तुमच्याशी बोलतो आणि न बघता लिहितो.” आणि अंगठे चालवू लागला.

वर स्वयंपाकघरात कारी ओट्याला टेकून आपल्या बहिणीला, ब्रिटला, लिहीत होती. उद्या चर्चमध्ये जेवण होतं आणि हॉटडिश, म्हणजे सगळं एकत्र करून ओव्हनमध्ये भाजायचा तिथला पदार्थ, कारीकडे होती. भिंतीवर टपोरी अक्षरं उमटली:

‘मटार घालायचे नाहीत. मागच्या वेळी पास्टर एकेक मटार वेचून ताटाच्या कडेला लावत होते.’

मिनेसोटाची माणसं. पाहुण्याच्या डोक्याला आग लागली, तरी आधी हवापाण्याची चौकशी करून मग विषय काढणारी. दोघांनी वाचलं आणि माना डोलावल्या.

“कसं वाटतंय?” अर्लननं विचारलं.

“वेगळंच आहे,” मार्लिस बाई म्हणाल्या.

त्या भागात ‘वाईट नाही’ म्हणजे कौतुकाची परमावधी, आणि ‘वेगळंच आहे’ म्हणजे तिलांजली. अर्लननं अंगठ्यांचा वेग वाढवला. भिंतीवर आलं:

‘तो खाली गेलाय. चष्मा लावून कपाटाशी बोलतोय.’

“वेग लक्षात येतोय ना?” अर्लन म्हणाला.

“वेग आहे,” ड्वेननं मान्य केलं. “आणि बोलताय एक, लिहिताय भलतंच. मला तर चालताना च्युइंगम चघळता येत नाही.”

‘बाबांनी दुकानात त्याच्यासाठी टेबल रिकामं केलंय. पण ब्रिट, त्यानं दाखवलेला गालिचा मी तरी घेणार नाही.’

मार्लिस बाई खुर्चीत चुळबुळल्या.

‘खरं सांगू का, मला तो तळघरातच बरा वाटतो. काम जमलं की गुणगुणतो. वर ऐकू येतं. दुकानात गेला तर घर मुकं होईल.’

मग मार्लिस बाई खाकरल्या. “अर्लन, मी मध्ये बोलणार नव्हते. पण मटार गोठवलेले असले आणि अगदी शेवटी घातले, तर पास्टर खातात. आमचे तरी खातात.”

अर्लननं वळून भिंत वाचली. वरपासून खालपर्यंत वाचली. गुणगुणण्यापाशी जरा थांबला. मग छताकडे तोंड करून ओरडला, “कारी! ब्रिटला काय लिहितेस?”

भिंतीवर उमटलं: ‘थांब गं, खालून ओरडतोय. बहुतेक पुन्हा कपाटावर आपटला.’

अर्लननं हातातला फोन खाली सोडला. “बाई, खोटं नाही बोलत. यातलं एक अक्षरही माझं नाही. वर माझी बायको आहे, चष्म्याला जोडलेला फोन तिचा आहे. मी मघापासून नुसते अंगठे चोळतोय.”

“म्हणजे ती चष्म्याच्या बाहेर आहे?” मार्लिस बाई पुढे झुकल्या. “आणि तिनं साध्या फोनवर लिहिलेलं इथे आत दिसतं?”

“दुर्दैवानं.”

“ड्वेन, ऐकतोयस ना?” बाई उठून उभ्याच राहिल्या. “आमची नवी पोरं चष्मा लावून गोदामाचं काम शिकतात आणि अडली की आतच गरगर फिरतात. बाहेर जुनी माणसं घसा फोडून सांगतात, आत कानात चष्म्यातल्या पंख्यांची घरघर. ही जुनी माणसं चष्म्याला हात लावत नाहीत, पण फोन सगळ्यांकडे आहे. त्यांनी बाहेरून लिहावं आणि पोरांनी आत वाचावं. पुढच्या महिन्यात आमच्या दोन गोदामांत लावून बघाल?”

“बघेन की,” अर्लन म्हणाला, आणि त्याच्याही नकळत गुणगुणू लागला.

“वाईट नाही,” बाई म्हणाल्या.

मग निरोप सुरू झाला. निघते म्हणून झालं, बर्फाबद्दल बोलून झालं, पुन्हा निघते म्हणून झालं. आभासी सभागृहाच्या दारापाशी बाई घुटमळल्या.

“एक बारीकशी विनंती होती. त्रास होणार असेल तर राहू दे.”

“छे, त्रास कसला. सांगा ना.”

“नाही, खरंच राहू दे.”

“बाई, सांगा.”

“आमच्या पोरांच्या हाताला कामं असतात हो. तेव्हा आत चष्मा लावलेल्या माणसानं लिहायचं म्हणून तुम्ही ते जे काय केलंय,” बाई संकोचून म्हणाल्या, “ते तेवढं काढून टाकाल का?”