‘नंतर’ नावाचं बटण

आमच्या ऑफिसातल्या दोनशे बारा संगणकांवर एका जागेवरून नवीन सॉफ्टवेअर पाठवणं हे माझं काम. पूर्वी लोकांना विचारायचो, ‘आत्ता की नंतर?’ आमचे रोखपाल दोन वर्षं ‘नंतर’ दाबत होते. शेवटी वैतागून मी ते बटणच काढून टाकलं. आता फक्त दहा मिनिटं उलटी मोजली जातात आणि संगणक अर्ध्या तासासाठी आडवा होतो.

बायकोही त्याच पंथातली. म्हणून रविवारी तिला न विचारता तिचा लॅपटॉप मी ऑफिसच्या यादीत घुसवला. (घरात निदान कुठेतरी माझा हुकूम चालावा!)

मंगळवारी अकराला मी सगळीकडे सॉफ्टवेअर सोडलं. पाच मिनिटांत बायकोचा फोन.

“अहो, लॅपटॉपवर उलटे आकडे धावतायत! दहा मिनिटांत माझी ऑनलाइन मुलाखत!”

तक्रार निवारण प्रमुखाची जागा होती. मुलांच्या पायी सोडलेली नोकरी पुन्हा धरायची म्हणून ती महिनाभर आरशासमोर तयारी करत होती.

“बंद कर ना ते.”

“बटणच नाही! कुठल्या गाढवानं बनवलंय?”

मी गाढवाची ओळख करून दिली नाही. घाईघाईनं सगळं थांबवायला गेलो, तर साहेबांची परवानगी हवी. (हा नियमही माझाच.) साहेब मीटिंगमध्ये. तेवढ्यात माझाच संगणक बंद पडला. यादीत तोही होता.

“अगं, मोबाईलवरून दे मुलाखत!”

“मोबाईलवर तर तुम्ही आहात! ठेवा आधी!”

संध्याकाळी चोरासारखा घरात शिरलो. बायको सोफ्यावर शांत बसली होती. मला तिच्या शांततेची फार भीती वाटते.

“लॅपटॉप बंद होताना खाली लिहून आलं,” ती म्हणाली, “अडचण आल्यास संपर्क साधा. पुढे तुमचं नाव.”

“चुकलंच माझं. गेली का गं नोकरी?”

“मिळाली.”

मी उडालोच. “काय विचारलं?”

“मोबाईलवरून जोडले गेले, तर उशीर का झाला, एवढंच. मी म्हटलं, नवऱ्यामुळे. ते म्हणाले, असं नेहमी होतं का? मग मी सांगत बसले. पाऊण तास झाला.”

“आणि बाकीचे प्रश्न?”

“विचारलेच नाहीत. म्हणाले, बाई, एवढा अनुभव पुरे.”