केळुसकरांच्या पानातलं लिंबू

केळुसकरांच्या पानातली लिंबाची फोड कुणी उचलायची नसे. खुद्द केळुसकरांनीसुद्धा. वरण-भात कोरडा लागला तरी चालेल, पण लिंबू जागचं हलता कामा नये. "तो खेळतोय," असं ते म्हणायचे.

नव्वदच्या दशकात आम्ही शारजात, रोल्ला भागात एकाच इमारतीत राहत होतो आणि एकाच कंपनीत कामाला होतो. पाइप आणि व्हॉल्व्ह पुरवणारी कंपनी. मी ऑफिसात, केळुसकर स्टोअरमध्ये. आमचा साहेब डग अमेरिकन. त्याचा भाऊ त्याला तिकडच्या फुटबॉलच्या कॅसेट पाठवायचा. हा फुटबॉल पायाने खेळत नाहीत. चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. साहेबाच्या बघून झालेल्या कॅसेट केळुसकर घरी आणत. आखातात सगळ्या देशांच्या कॅसेट चालणारे व्हीसीआर मिळायचे. बाकीचे त्यावर भाच्यापुतण्यांची लग्नं बघत. वेंगुर्ल्याच्या या माणसाने त्याचा असा उपयोग केला.

मॅच महिना-दीड महिन्यापूर्वीची असे. तरी जिन्यात भेटले की आधी कानांवर हात ठेवायचे. "निकाल सांगू नका हां, भागवत!" अख्ख्या रोल्ल्यात तो निकाल ठाऊक असलेला माणूस शोधून सापडला नसता.

लिफ्टमध्येही ते दाराशी उभे राहत नसत. एखादा लठ्ठ पठाण शोधून त्याच्या मागे, जरा डावीकडे. "वाट तिथून निघते," म्हणायचे. आणि खरंच, सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचे.

शुक्रवारी दुपारी त्यांचं बिऱ्हाड आमच्याकडे जेवायला असे. केळुसकरांच्या मते आपलं वाढलेलं पान म्हणजे आयतं मैदान. वर मधोमध मीठ, तो चेंडू फेकणारा. डाव्या टोकाला चटणी, उजव्या टोकाला भाजी, हे दोघे कडेने लांब पळणारे. आणि मिठाला खेटून लिंबू.

"हा स्लॉट रिसीव्हर. मधला माणूस. याला मोकळं पळायला मिळत नाही. गर्दीत शिरायचं, चेंडू झेलायचा, आणि झेलला रे झेलला की दोन बाजूंनी दोन रेडे अंगावर. हा उठतो, ढुंगण झटकतो, परत जागेवर. टाळ्या कुणाला? चटणीला!"

त्यांच्या टीमचा हा मधला माणूस आता थकला होता. साहेबाचं मत, तो दुसऱ्या टीमला देऊन टाकावा आणि बदल्यात एक उंच, तरुण पोरगा घ्यावा. केळुसकर कट्टर विरोधात. त्यांना भांडायला कुणीतरी हवं म्हणून मी साहेबाची बाजू घेई. खेळ मला काडीचा कळत नव्हता. केळुसकर चिडले की जेवण रंगायचं, एवढंच.

"वय झालंय त्याचं. देऊन टाका," मी म्हणे.

"वय झालं म्हणूनच पडायचं कसं ते कळतं!"

"पण मिळतोय तो उंच आहे, चपळ आहे."

"खजुराचं झाडही उंच आहे, हबीबी. झेलतं का?"

"भावजी, तुमचे खेळाडू गार होताहेत," माझी बायको म्हणायची. त्यांची नववीतली पल्लवी डोळे फिरवून म्हणे, "बाबा, नोबडी केअर्स!"

"आय केअर," केळुसकर म्हणत. "मधला माणूस दिला की टीम खलास!"

गेल्या महिन्यात ठाण्याला आम्ही जुने शारजावाले जमलो होतो. केळुसकरांचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "तो लिंबूवाला? पगाराच्या लोभाने वाळवंटातल्या कॅम्पवर गेला. बायको-पोरीला गावी धाडून." सगळे हसले. मीही हसलो. केळुसकर आता नाहीत. माझीही ऐंशी जवळ आली. हे लिहायचं राहून जायला नको.

शारजात त्या मधल्या माणसावरून आमचं भांडण चालायचं, त्याच वर्षी कंपनीच्या कॅम्पवरून मागणी आली होती. एक अनुभवी स्टोअरकीपर आम्हाला द्या, बदल्यात कॉम्प्युटर शिकलेला पोरगा घ्या. कॅम्पवर कुटुंबाला परवानगी नव्हती. साहेबाने मला बोलावून दार लावलं. म्हणाला, केळुसकरला पाठवायला तू नको म्हणालास तर मी नाही म्हणून कळवतो.

नव्या पोरामुळे माझंही काम हलकं होणार होतं. "वय झालंय त्याचं, सर," मी म्हणालो. "मिळतोय तो चपळ आहे." शुक्रवारी जेवताना घोटलेली वाक्यं. जरासुद्धा अडखळलो नाही.

साहेबाने केळुसकरांना माझ्यासमोरच सांगितलं, "भागवतने आणि मी मिळून ठरवलंय." केळुसकर "ओके सर" म्हणाले आणि स्टोअरच्या किल्ल्या खिशात चाचपत निघून गेले.

शुक्रवारी ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. आले. बायकोने नेहमीसारखी पानं वाढली. केळुसकरांनी मीठ सारखं केलं, लिंबू त्याच्या जागी सरकवलं. कॅसेटचा विषय काही काढला नाही. पल्लवी जेवत नव्हती. बापाच्या पानाकडे ती पहिल्यांदाच नीट बघत होती.

"सो दे ट्रेडेड यू, बाबा?" ती म्हणाली. "हू डिसायडेड?"

माझा हात पानातच राहिला. बायको माझ्याकडे बघायला लागली. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

"गप रव," केळुसकर म्हणाले. "मला कोण देतंय? मीच मागून घेतलंय. पगार जास्त आहे तिकडे."

केळुसकरवहिनींनी मान खाली घातली. पुढे सगळं शारजा तेच बोलत राहिलं, आणि मी बोलू दिलं.

मग केळुसकरांनी आपल्या पानातली लिंबाची फोड उचलली. हात लांब केला आणि माझ्या भातावर पिळली. बी पडू नये म्हणून खाली दुसऱ्या हाताची बोटं धरली होती.

"जेवा, भागवत," ते म्हणाले. "कोरडा लागतोय तुम्हाला."