मास्तरांच्या पायांची नोंदणी

वाहन रस्त्यावर आणण्यापूर्वी त्याचे नियम समजून घ्यावेत, असं टेलर मास्तरांना एका सोमवारी सकाळी वाटलं. पुढे जे काही झालं, त्याला या एका वाटण्यापलीकडे दुसरं कोणतंही कारण नाही, हे आधीच नमूद केलेलं बरं.

परिस्थिती अशी होती. मास्तरांचं घर चढाच्या खाली आणि दुकान चढाच्या वर. चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारून त्यांचा उजवा गुडघा असा करकरायला लागला होता, की पुढे चालणारी माणसं वळून बघत. डॉक्टरांनी सांगून टाकलं, चढ बंद. चढ बंद म्हणजे दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे मास्तर दिवसभर घरात. ही शेवटची गोष्ट बायकोला झेपणारी नव्हती. म्हणून लेकीने बापाला विजेची सायकल घेऊन दिली. पायडल मारलं की मोटर मदत करते, आणि पाय दुखले तर नुसती मूठ पिळली तरी चालते.

"अहो, बसा आणि जा," बायको म्हणाली. "गल्लीतले सगळे जातात."

"गल्लीतल्या कुणी विचारलंय का, चालतं का म्हणून?"

"नाही विचारलं, म्हणून तर जातात!"

पण मास्तर कसले ऐकतात! गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्यांनी कधी साधं बटण बदललं नव्हतं. नवीकोरी सायकल हाताने ढकलत ते वाहन कचेरीत गेले आणि चौकशीच्या खिडकीसमोर उभे राहिले.

खिडकीतल्या कारकुनाची पँट कंबरेत सैल करायला मास्तरांकडेच पडली होती. ओळखीचा कायद्याशी काहीही संबंध नसतो, असं त्याने पहिल्याच वाक्यात स्पष्ट केलं, आणि दुसऱ्या वाक्यात पँट कधी मिळेल ते विचारलं.

"पुढच्या आठवड्यात, गुरुवारी," मास्तर म्हणाले. "तेवढं या सायकलचं सांगा."

"सोपं आहे. पाय पायडल मारताहेत तोवर ही सायकल. पाय थांबले की मोटार वाहन."

"म्हणजे सिग्नलला?"

"सिग्नलला पाय थांबतात?"

"साहेब, लाल दिव्याला सगळ्यांचेच थांबतात."

"मग तेवढा वेळ मोटार वाहन. हेल्मेट, परवाना, नंबर प्लेट, सगळं लागेल. हिरवा दिवा लागला, पाय फिरले, की परत सायकल. आणि तेव्हा नंबर प्लेट दिसली तर दंड. सायकलला नंबर नसतो."

मास्तरांना हे पटलं. नियम म्हटला की तो पटायचाच, अशी त्यांची प्रकृती होती. आठवडाभर ते प्रत्येक सिग्नलला सायकल स्टँडवर चढवून, वर बसून, जागच्या जागी पायडल मारत राहिले. शेजारचे रिक्षावाले "काका, लवकर निघालात तर वेळेत पोचाल!" म्हणून खिदळत. मास्तर समोर बघत पाय फिरवत. सिग्नल पाच होते. शनिवारपर्यंत गुडघ्याने मान टाकली, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, की या गृहस्थांना पाय थांबवण्याची मुभा मिळावी.

कारकुनाने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती, ती जरा जास्त वेळ वाचली.

"मास्तर, तुम्ही पायांचा विषय काढलात म्हणून सांगतो. मोटर अडीचशे वॅटची. मर्यादाही अडीचशे. इथवर ठीक. पण तुमचे पाय जो जोर लावतात, तो कशात धरायचा?"

"माझे पाय? ते माझे आहेत हो!"

"असतील. पण वाहन पुढे ढकलतात ना?"

पाय यंत्रावर मोजले गेले. दोन्ही मिळून साठ वॅट भरले. तज्ज्ञांनी अहवालात 'मूळ वाहनावर बेकायदा बसवलेली जादा शक्ती' असा शेरा मारला. आता दोनच मार्ग होते, पाय काढून टाकणे किंवा त्यांची नोंदणी करणे. मास्तरांनी दुसरा मार्ग पत्करला. अर्जावर 'सहायक मोटर, नग दोन' असं लिहिलं गेलं. 'निर्मितीचं वर्ष' या रकान्यात जन्मसाल भरलं, आणि 'इंधन' या रकान्यापुढे बायकोने सही केली. दोन छोट्या नंबर प्लेट मिळाल्या. मास्तरांनी त्या पँटच्या खालच्या काठाला, पुढून दिसतील अशा, स्वतःच्या हाताने शिवून टाकल्या.

"आता कुणाची हिंमत नाही अडवायची," ते बायकोला म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

दुसऱ्याच दिवशी ते बटणं आणायला फुटपाथवरून पायी निघाले, तर हवालदाराने शिट्टी मारली. नोंदणी झालेली मोटर फुटपाथवर कशी? मास्तरांनी दिलगिरी व्यक्त केली आणि रस्त्याच्या मधून, वळताना हात दाखवत, बसच्या पुढे चालू लागले. मागे बसवाला हॉर्न वाजवत होता. मास्तरांनी बाजू दिली नाही. ते आपल्या लेनमध्ये होते.

गुरुवारी कारकून पँट न्यायला आला. त्याच बनावटीच्या विजेच्या सायकलवर, उलट्या बाजूने, मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये धरून, पाय आरामात पुढच्या दांडीवर टाकून. दुकानात शिरला आणि थबकला. मास्तर शिलाई मशीनवर बसून पायडल मारत होते.

"मास्तर! हे काय चाललंय?"

"तुमचीच पँट."

"नोंदणी झालेली मोटर शिलाई मशीनला जोडलीत? धंद्यासाठी? रस्त्यावरची मोटर कारखान्यात वापरायला बंदी आहे!" त्याने पिशवीतून लाख आणि शिक्का काढला. "मशीनला सील लावावं लागेल."

मास्तर मशीनसमोर आडवे झाले. "अहो, हेच तर वाचवायला मी सायकल घेतली..."

"दुःख मलाही आहे. पँट किती राहिलीय?"

"कंबर अर्धी."

"मग तेवढी होऊ द्या. मी थांबतो."

कंबर पूर्ण झाली. कारकुनाने पँट घालून बघितली, समाधानाने पोटावरून हात फिरवला आणि मशीनला सील ठोकलं. मास्तर दाराशी येऊन त्याच्या सायकलकडे बघत राहिले.

"साहेब, तुमच्या सायकलला नंबर नाही. हेल्मेट नाही. पाय तर फिरतही नव्हते."

"मग?"

"नियम तुम्हाला लागत नाही?"

कारकुनाला हा प्रश्न खरोखरच नवा होता. त्याने विचार केला. "नियम ज्याला सांगितलाय त्याला लागतो, मास्तर. तुम्ही विचारलंत, तुम्हाला सांगितला. मला कुणी सांगितलाय?"

"तुम्हीच तर सांगता!"

"मी सांगतो. मला कोण सांगणार?" असं म्हणून त्याने मूठ पिळली आणि तो सैल झालेल्या पँटीत उताराला लागला.

मास्तर आता दिवसभर घरी असतात. बायकोची अवस्था वेगळी सांगायला नको. चढावरून रोज शेकडो विजेच्या सायकली सुसाट जातात, त्यांच्यावरच्या कुणालाही काहीही माहीत नाही, आणि सगळे सुखरूप पोचतात.

तुमचं मात्र तसं नाही. तुम्ही ही हकीकत शेवटपर्यंत वाचली आहे, म्हणजे नियम तुम्हाला रीतसर सांगण्यात आला आहे. तेव्हा खुर्चीतून उठून चालू लागण्यापूर्वी पाय तेवढे मोजून घ्या. खिडकी सकाळी दहाला उघडते.